आल्याची कुंडी

"बाबा, परत उकरलंत?" बाबांच्या एका हातात खुरपं, दुसऱ्यात कुंडीतल्या आल्याचा तुकडा. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. "कोंब आलाय का, तेवढंच बघत होतो गं." माझं डोकंच फिरलं. "रोज उकरलंत तर कोंब यायचा कसा? मूळ धरायला नको? ते काय घड्याळ आहे? सुखानं मातीत राहू द्या की त्याला!" एकीकडे कानाला फोन होताच. लेक परवाच हॉस्टेलला गेली होती. जेवली का, झोप लागली का, विचारायला नको? रिंग वाजून वाजून थांबली. मी पुन्हा लावला. बाबांनी तुकडा अलगद मातीत ठेवला, वर माती सारली आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "सकाळपासून कितव्यांदा उकरतेयस तिला?" मी फोन कठड्यावर ठेवला, त्यांनी खुरपं. दोघांनीही हाताला येईल असंच.