वालाच्या दाण्याएवढी गाठ

“बीपी कशानं लवकर उतरंल, डॉक्टरबाई? गाठ काढून का जाळून?” बायकोला, ठकुबाईला, ईसीजीला आत नेलं, तसं चिमाजीनं घाईघाईनं विचारलं.

डॉक्टर सौदामिनींनी स्कॅनचा फोटो उजेडाकडे धरला. डाव्या मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली ग्रंथी, तिच्यात वालाच्या दाण्याएवढी गाठ. ती अंगात मीठ धरून ठेवायची. चार-चार गोळ्यांनाही बीपी दाद देत नव्हतं ते त्यामुळंच.

“दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तीन छिद्रांतून सगळी ग्रंथीच काढतात. त्याचा अनुभव जुना आहे. सुईनं केलं तर पाठीतून नुसती गाठ जाळायची. दुखणं कमी, घरी लवकर. थोडी उरली, तर पुन्हा सुई. बीपी दोन्हींनी उतरतं. पण बाबा, घाई कसली?”

चिमाजीनं दाराकडं पाहिलं. “तिचा भाऊ गेला. मार्गासनीचा गेनबा. श्रावणात. दोनशे बीपीत कसं सांगू? शीर फुटायची. त्याचं गुडघं धरल्यात, येता येत न्हाई, असं सांगत आलोय.”

ठकुबाई बाहेर आली. डॉक्टरांनी तिलाही दोन्ही वाटा समजावल्या. ती हसली. “भाताच्या रोपासाठी राब भाजताना आमी तेवढाच तुकडा जाळतो, वावर उचलून न्हेतो व्हय? सुईच घाला.”

सुईनं गाठ जाळल्यावर काही आठवड्यांनी हिर्डोशीच्या घराच्या ओसरीवर लेकीनं, वैष्णवीनं, ठकुबाईच्या दंडाला पट्टा बांधला. मशीन घुरघुरलं. “एकशे चोवीस, आई!” विश्वास बसेना म्हणून तिनं पुन्हा मोजलं. तेवढंच.

चिमाजी त्या आकड्याकडं बघतच राहिला. एवढासा दाणा, आणि त्यानं अख्ख्या घराची बोलती बंद ठेवली होती. सुईच्या टोकाएवढ्या आगीनं सगळं निवलं.

आता सबब उरली नव्हती. लेकीसमोर त्यानं कधी बायकोचा हात धरला नव्हता, तो धरला.

“अगं, जरा घट हो. एक सांगायचंय.”

“दादाचं ना?”



ठकुबाईनं दंडाचा पट्टा सोडला, नीट गुंडाळला. “भाऊबीजेला म्या परसात जाऊन चंद्राला ओवाळलं. तुमी इतक्या जिवानं लपवत होता, मला ते मोडवंना.”