पंचमीचं कुलूप

"ज्यांनी हे कुलूप बनवलं तेच सांगून गेलेत आई, आता हे वापरू नका म्हणून," रुचिका म्हणाली.

"गेले तर जाऊ दे," नीलम्मा म्हणाल्या. "आपलं दार केलेला सुतार तरी कुटं हाय आता? म्हणून आपण दार बदललं का?"

सिरसाळ्याच्या भुसार दुकानात, पोत्यांच्या थप्पीआड मायलेकी कम्प्युटरसमोर बसल्या होत्या. त्यावर लिनक्स होतं. पुण्याला नोकरीला जाण्याआधी रुचिकाच्या भावानं, महांतेशनं, आईला त्यात एक कुलूपबंद कप्पा करून दिला होता. नागपंचमीला गल्लीतल्या बायका यांच्या माडीवर जमतात, पुरुषांना खाली पिटाळतात, फेर धरतात आणि सोंगं काढतात. कुणी सासरा होतं, कुणी सरपंच. नीलम्मा तर धोतर नेसून थेट नवराच होतात. त्याचं मोबाइलवर शूटिंग करायचं आणि कप्प्यात टाकायचं, असा रिवाज. यातलं एक जरी बाहेर फुटलं, तरी पुढच्या पंचमीला एकही बाई सोंग काढायची नाही.

सुट्टीला आलेल्या रुचिकाचं म्हणणं सरळ होतं. या सॉफ्टवेअरला आता कुणी वाली नाही. त्यात भोक पडलं तर बुजवणारं कुणी नाही. लिनक्ससोबत नवं कुलूप फुकट मिळतं, त्याच्यावर राखणीला माणसं आहेत. सगळं त्यात हलवू.

नीलम्मांना ते हलवणंच नको होतं. शेजारची छबुबाई गेल्या वर्षी वारली. मिशी लावून, फौजदार होऊन ती आता फक्त त्या कप्प्यात नाचत होती. हलवताना तीच गळून पडली तर? नीलम्मांचा जीव तिथं अडकला होता, खोटं कशाला बोला.

"दार तेच राहतं आई, पण चोर नवं नवं शिकतात."

"आपल्या सिरसाळ्यात कोन शिकतंय? एवढा लांबलचक पासवर्ड हाय माझा. इतक्या वर्षांत एकाला तरी कळला का?"

समोर रुचिकाचे वडील सिद्धेश्वर एका शेतकऱ्याचा हरभरा मोजत होते. काट्यावरची नजर न काढता ते म्हणाले,

"जात्यावर दळलं जवारीचं पीठ, सिद्धेश्वरराव घोरतात, झोप येईना नीट."

रुचिकानं आईकडं पाहिलं. आईचा चेहराच सांगत होता की पासवर्ड हाच.

उखाणा कुणाला मनात म्हणता येतो का? एका बोटानं टाइप करताना नीलम्मा दरवेळी तो पुटपुटायच्या, आणि काटा तिथून हाकेच्याही अलीकडं. त्यापुढं कुठलं सॉफ्टवेअर काय करणार?

नीलम्मांनी आधी एकच विचारलं, उघडून बघितलं का? सिद्धेश्वरांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावून नाही म्हणून सांगितलं. शेतकऱ्याला हसू आवरेना, तो पोत्याचं तोंड बांधायला लागला.

"मग पाठ कावून केलात?"

सिद्धेश्वरांनी फावडं हरभऱ्यात रोवलं. "त्याच्याबिगर तू माझं नाव कुटं घेतीस?"

यावर नीलम्मांच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. मग त्यांनी रुचिकाला सांगितलं, नवं कुलूप टाक. आणि नवऱ्याला त्याच्याच दुकानातून बाहेर काढलं. शेतकऱ्यासकट ते पायरीवर जाऊन बसले.

हलवाहलवी निमूट पार पडली. सगळं नीट आलं का बघायला रुचिकानं पहिल्यांदा छबुबाईच लावली. ती मिशीला पीळ देत कंबर हलवत आली. मायलेकी पोट धरून हसल्या, आणि हसता हसता नीलम्मांनी पदरानं डोळे पुसले.

"आता नवा पासवर्ड सांग," रुचिका म्हणाली. "हळू सांग, माझ्या कानात."

ती आईला खेटूनच बसली होती. तरी नीलम्मांनी नवा उखाणा घेतला तो पायरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.