नामाजीच्या बँडची एकच धून

निजामाचं राज्य जाऊन महिना झाला, म्हणून साखऱ्याच्या माळावर नामाजीच्या बँडचा कार्यक्रम ठेवला होता. बँड कसला, दोन पिपाण्या, एक ढोल अन् चार फुगलेले गाल! मी हिंगोलीच्या शाळेत सातवीला आहे, मला सुरातलं बराबर कळतं.

शेजारी मंजुळाबाई धनगरीण दोन कोकरं घेऊन बसली होती. मी तिला ऐकवलं, "मावशी, शाळेत त्या निजामाच्या सलामीला रोज उभं राहून माझे पाय मोडले. आता आपण कुणाचे गुलाम न्हाई. मेले तरी उठणार न्हाई!"

"व्हय का, बाई," म्हणत ती कोकराच्या कानातली गोचीड काढू लागली. अडाणी ती अडाणीच!

तेवढ्यात नामाजीनं पिपाणी तोंडाला लावली. जन्मभर सरकारी समारंभात वाजवून त्याला एकच धून येत होती, अन् आजही त्या येड्यानं तीच वाजवली. निजामाची सलामी!

सगळा माळ ताडकन उठला. कालच खादीची टोपी घेतलेला रामकिशन पाटील तर हात मांडीला चिकटवून काठीसारखा ताठ! मला हसू आवरेना. "बघ मावशी, बघ! नुसती मेंढरं हायेत मेंढरं!"

मंजुळाबाईनं बसल्या जागेवरून मान वर करून माझ्याकडं पाहिलं.



"मेंढरं तर माझी बसलेली हायेत, पोरी. तू काहून उभी राहिलीस?"