पांढरा शर्ट

पोह्यांची बशी पुढे करताना वैजूने मुलाचा चेहरा पाहिलाच नाही. पाहिला तो त्याचा शर्ट. पांढराशुभ्र, कॉलरवर एक ठिपकासुद्धा नाही! नदीपलीकडच्या शहरात दोरीवर वाळलेला शर्ट होता तो. नदीच्या या काठावर, फाउंड्रीच्या धुराड्याखाली, दुपारपर्यंत त्याच्यावर काजळी बसली असती. म्हणून तर इकडची चांगली चांगली स्थळं नाकारून तिने आईची बोलणी खाल्ली होती.

"आम्हाला मुलगी पसंत आहे," मुलाची आई म्हणाली. वैजूनेही मानेनेच होकार दिला. मनाने ती एव्हाना पूल ओलांडून पार पलीकडे पोचली होती.

बाबांनी खुशीत मांडीवर थाप मारली. "मग आता सांगूनच टाकतो! मी पुढच्या महिन्यात फाउंड्रीतून रिटायर होतोय. मला मुलगा नाही, तेव्हा माझ्या जागी जावयाला चिकटवून घ्यायचं साहेबांनी कबूल केलंय. समोरचंच क्वार्टर मिळेल. पोरगी नजरेसमोर राहील!"

मुलाचा चेहरा उजळला. त्याची नोकरी सुटली होती, हे वैजूला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या आईने तर तिथल्या तिथे देवाला हात जोडले. वैजूकडे पाहायला कुणाला सवड नव्हती.

खिडकीतून एक काळा कण तरंगत आला आणि त्याच्या बाहीवर बसला. तो पुसायला त्याने हात उचलला.

"हात लावू नका, पसरतं ते," वैजू म्हणाली. त्याच्याशी बोललेलं तिचं हे पहिलंच वाक्य. "नुसती फुंकर मारा. होईल सवय."