दोनच रकाने

दमकलच्या गाडीवर एकतीस वर्षं आगी विझवून नत्थूजी रिटायर झाले. दुसऱ्याच दिवशी सायरन ऐकून ते जेवणावरून उठले आणि सवयीनं गाडीवर चढले. दोनदा आगीत शिरून बाहेर आले. तिसऱ्यांदा आले नाहीत.

पुढं राज्यात शहीद आणि सेवानिवृत्त दमकलवाल्यांच्या सन्मानाचा कायदा झाला. नत्थूजींची मुलगी तृप्ती अर्ज घेऊन पांढुर्ण्याच्या सरकारी कचेरीत गेली.

"ताई, शहीद लिहाव तं ते ड्युटीवर नव्हते," तिथला बाबू म्हणाला. "अन् रिटायरमध्ये टाकाव तं शाल घ्यायले माणूस स्वतः हजर पायजे. कायद्यात दोनच रकाने हायेत."

"आग काय ड्युटी पाहून लागते का, भाऊ?"

"मी काय मनानं बोलून राहिलो? हे पाहा, लेखी हाय."

त्यानं नत्थूजींचं सर्व्हिस बुक तिच्यापुढं सरकवलं. निवृत्तीची तारीख स्वच्छ वाचता येत होती. पानांच्या कडा तेवढ्या जळलेल्या होत्या.



रेकॉर्ड रूमच्या त्या आगीतून नत्थूजींनी दुसऱ्या खेपेला जो गठ्ठा छातीशी धरून बाहेर आणला, त्यातलंच ते पुस्तक होतं.