ऑगस्टीन मिस्त्रीचं घर

"ऑगस्टीन मिस्त्रीचं घर कुठं?" एवढंच कॅजिटननं विचारलं, आणि विहिरीपाशी बोलत उभे असलेले तिघे-चौघे गप्प झाले. एकानं डोक्यावरची टोपी काढली.

कॅजिटनला कळेना, आपण असं काय विचारलं. उत्तनहून डोंगरीला तो रविवारच्या भर दुपारी पायी आला होता. मिस्त्रीच्या ओटीवर दर रविवारी दारू सोडलेली माणसं जमतात, एकमेकांना आपापलं सांगतात आणि काळा चहा पिऊन घरी जातात, असं त्याची बायको डॉरिस कुठूनतरी ऐकून आली होती. लेकीला घेऊन ती गोराईला आईकडे गेली, त्याला अकरा दिवस झाले होते. जाताना भांडली नाही, रडली नाही. तू त्या ओटीवर बसलास असा मिस्त्रीचा निरोप आला की मी परत येईन, एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून कॅजिटन थेंबाला शिवला नव्हता. हात असे थरथरत की जाळ्याची एक गाठ धड मारता येत नव्हती. पण परक्या गावात, चारचौघांत, दारुडे कुठं बसतात असं विचारायला तोंड कसं उघडणार? म्हणून अब्रू सांभाळून त्यानं मिस्त्रीचं घर विचारलं, आणि तिथंच फसला.

मिस्त्री सुतार, पण रविवारी तो रंध्याला हात लावत नाही. रविवारी परका माणूस त्याचं घर विचारत येतो तो एकाच कामासाठी, मयताची पेटी सांगायला. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कॅजिटनच्या ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता.

समोरच्या अंगणातून इनेझ म्हातारी लगबगीनं आली. हात धरून तिनं त्याला आपल्या पायरीवर बसवलं. त्याचा घाम पाहिला, थरथरणारी बोटं पाहिली, आणि तिला भरून आलं. बिचाऱ्यानं हाय खाल्लीय, असं ती लोकांना सांगू लागली. ज्याच्या घरी मयत झालंय त्याच्या हाती आधी पेला द्यायचा आणि मग विचारपूस करायची, ही तिकडची रीत. म्हातारी आत गेली आणि पेला भरून घेऊन आली. घरची, पहिल्या धारेची. कॅजिटननं तो दोन्ही हातांनी धरला.

तेव्हा बोलायला हवं होतं. कुणी मेलेलं नाही, मी सोडलीय, इतकंच. शब्द ओठांवर आलेही होते. पण पेला हातात होता, आणि खरं बोललं की तो परत द्यावा लागणार होता.

"कोण गेलं, पोरा?" म्हातारीनं विचारलं. त्याची नजर पेल्यावरच होती, तेव्हा तिनंच आवाज उतरवला. "बायको?"

कॅजिटननं होय म्हणून मान हलवली, आणि पेला तोंडाला लावला.

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले आणि दुसरा पेला आणला. त्यालाही तो नको म्हणाला नाही. मग ती स्वतः त्याला मिस्त्रीकडे घेऊन निघाली. लढाई लागल्यापासून लाकूड मिळत नाही, पण मिस्त्री मयतासाठी चार फळ्या बाजूला ठेवतोच, तू घोर करू नको, असं वाटभर सांगत राहिली. गाव कुठलं, लेकरं किती, म्हणून तिनं विचारलं. उत्तन, एक मुलगी, तो म्हणाला. तेवढं खरं होतं, आणि तेच सांगताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मिस्त्रीच्या ओटीवर सात-आठ जण चहाचे कप घेऊन बसले होते. उत्तनचा आहे, घरवाली गेली, असं म्हातारीनं अंगणातूनच सांगितलं. सगळे उठून उभे राहिले. ज्यांच्यात बसायला तो आला होता, ती माणसं त्याच्यासाठी उभी होती.

ऑगस्टीन मिस्त्री, पिकल्या मिशांचा उंच गृहस्थ, आतून मापाची पट्टी घेऊन आला. जवळ येताच तो थबकला. वास त्याला आला असणारच. पण मयताच्या घरच्या माणसाला दारूचा वास यायचाच, म्हणून त्यानं पट्टी उलगडली.

"बाईची उंची किती?" त्यानं हळूच विचारलं.

कॅजिटननं हात उचलून आपल्या खांद्यापाशी धरला. डॉरिस इथवर येते. हात तिथंच राहिला, आणि त्याच्या डोळ्यांपुढं ती आली, गोराईला दारात उभी, निरोपाची वाट बघणारी. त्याला रडू कोसळलं.

"ती जिती हाय, मिस्त्री," तो म्हणाला. "मी तुमच्यात बसाया आल्तो. पेला हातात आला, आन् मीच तिला मारली."

इनेझ म्हातारी क्रूसाची खूण करून मागं सरली. कॅजिटन जायला वळला, तसा मिस्त्रीनं त्याचा दंड धरला.

"मी पेल्यापायी माज्या आयला दोनदा मारली," तो म्हणाला. "येकदा पालीत, येकदा मनोरीत. ती तवा घरी माजं जेवण झाकून बसली व्हती."