यंत्राचा रुमाल

मुलांनो, एक डबी डोळ्यांसमोर आणा. साबणाच्या डबीएवढी, कमरेला बांधायची. तिच्यातून एक नळी निघते, खांद्यावर येते आणि नाकाच्या जवळ तोंड उघडं ठेवून थांबते. डबी दिवसभर हवा ओढते, अगदी आपण ओढतो तशी. नळीच्या तोंडाशी एक गोल पांढरा कागद असतो. माणसाच्या छातीत जाणारी धूळ त्या कागदावर अडकते. मग कागदाचं वजन करायचं.

अशी डबी आज पुष्पाबाईच्या कमरेला होती.

आता चोपड्याच्या रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये चला. नाक झाकूनच या. कापसातून सरकी निघताना इथं इतकं काही उडतं, की पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या बायकांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. पुष्पाबाई इथं कापसातला कचरा वेचते. सुट्टीनंतर कामावर परतली, की पहिल्याच दिवशी तिची छाती दगड ठेवल्यासारखी जड होते आणि ती भिंतीला टेकून खोकत राहते. विद्यापीठातून आलेल्या ज्योत्स्नामॅडमना हाच खोकला कुठून येतो ते शोधायचं होतं. कागदावर धूळ पुरेशी सापडली, तर मालकाला धूळ ओढणारे पंखे बसवावे लागणार होते.

हे सगळं मॅडमनी सकाळी मॅनेजरला सांगितलं, त्याच्या खोलीत, चहा घेता घेता. पुष्पाबाईच्या कमरेला डबी बांधताना त्या घाईत होत्या. एवढंच म्हणाल्या, "मावशी, यंत्र नाजूक आहे हं. नीट जपा."

पुष्पाबाईनं मान डोलावली. दुसऱ्याची वस्तू जपणं तिला नवीन नव्हतं.

दुपारी तिची मुलगी दिपमाला भाकरी घेऊन आली. शनिवार होता, शाळा सकाळची. मुलांना आत मनाई, म्हणून ती जाळीच्या दाराशीच थांबली. आई बाहेर आली, तेव्हा तिचं नाक-तोंड उघडं होतं. रोजचा रुमाल नळीच्या तोंडाला गुंडाळलेला होता.

"माय, रुमाल मशीनले का बांधा?"

"मॅडमनी सांगेल शे जपाले. धूय गयी म्हणजे बिघडी जाई." पुष्पाबाई खांदा पुढे करून म्हणाली, "गाठ सैल व्हयनी वं. जरा घट्ट कर."

"आनि तुन्हं नाक?"

"मन्हं नाक घरनं शे. मशीन लोकेसनं शे."

दोघी हसल्या. हसता हसता आईला खोकला आला. दिपमालानं गाठ घट्ट केली, वर आणखी एक मारली.

संध्याकाळी मॅनेजरच्या खोलीत पुष्पाबाईनं रुमाल सोडून, पदरानं पुसून डबी परत दिली. मॅडमनी नळीचं तोंड उघडलं. कागद सकाळी होता तसाच, पांढरा.

"बघा!" मॅनेजर मगनभाऊ खूश झाला. "आमचं जिनिंग म्हणजे देवघर आहे मॅडम. लिहून टाका."

"असं होणारच नाही," मॅडम कागद उजेडात धरून म्हणाल्या. "दिवसभर श्वास घेतलाय या यंत्रानं. मावशींच्या बदल्यात. धूळ यायलाच हवी होती. धूळ दिसली असती तरच पंखे मागता आले असते."

आईला न्यायला आलेली दिपमाला खोलीच्या दाराशी उभी होती. तिनं आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर अजून वस्तू नीट परत केल्याचं समाधान होतं.

"मॅडम," दिपमाला म्हणाली, "मायनं त्याच्यावर रुमाल बांधला होता. गाठ मी मारली."

मॅडमनी कागद खाली ठेवला. पुष्पाबाईनं एकदा त्यांच्याकडे, एकदा डबीकडे पाहिलं आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं. समाधान उतरलं.

"मन्हं चुकनं मॅडम. परत बांधा. मी परत जास आत, आते काही नही झाकाव."

"बाई, तुझी पाळी संपली," मगनभाऊ गोड आवाजात म्हणाला. "सलग दोन पाळ्या करता येत नाहीत. सुरक्षेचा नियम आहे. काय मॅडम, तुम्हीच सांगता ना?"

मॅडमना तेही नाकारता येईना. "उद्या आम्हाला धुळ्याला जायचंय," त्या म्हणाल्या. "इथलं आता पुढच्या हंगामात." त्यांनी धुळ्यासाठी नवा कागद बसवला, डबी चालते का ते पाहायला बटण दाबलं आणि ती टेबलावर ठेवून बॅग उघडली. डबी घरघरायला लागली.

पुढचा हंगाम म्हणजे पुढची दिवाळी. तोवर आई इथंच बसणार होती. आत्ताही ती भिंतीला टेकून खोकत होती, आणि मॅडम बघतील म्हणून खोकला पदरात दाबत होती.

दिपमालानं टेबलावरची डबी उचलली, पट्टा गळ्यात अडकवला आणि पळाली.

"अगं, थांब! लहान मुलांनी..." मॅडम ओरडल्या.

"बघा, तुमच्या डोळ्यांदेखत गेली," मगनभाऊ म्हणाला. "आम्ही नाही पाठवली."

तोवर ती जाळीचं दार ओलांडून, दुसऱ्या पाळीच्या बायकांमधून कापसाच्या ढिगापाशी पोचली होती. आईच्या जागेवर तिनं मांडी घातली, नळी ओढून नाकाशी आणली आणि वर उडणाऱ्या पांढऱ्याकडे बघत, छाती भरेपर्यंत मोठा श्वास घेतला.